वादळातली ड्यूटी: पहिल्या दिवशी सगळेच असतात, चौथ्या दिवशी कोण येणार?

रातपाळी

परवा आमच्याकडे मान्सूनपूर्व तयारीची बैठक झाली. दरवर्षी मे महिन्यात होते. डीजी सेट (डिझेल जनरेटर) चालतो का, डिझेल किती आहे, सर्पदंशाच्या लसीच्या किती व्हायल शिल्लक, ब्लीचिंग पावडर आली का, गच्चीवरचे पन्हाळे साफ केले का. सगळ्याला "आहे सर, झालंय सर" म्हणून झालं. शेवटी मी विचारलं, "सर, माणसांचं काय?" सर म्हणाले, "सगळ्यांच्या रजा रद्द. लिहून घ्या सिस्टर." मी लिहून घेतलं, चहा आला, बैठक संपली.

धागा काढायचं कारण एवढंच.

मी रायगडात, किनाऱ्यापासून फार लांब नसलेल्या एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. गावाचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनी कृपया गप्प बसावं.

३ जून २०२०, बुधवार. निसर्ग वादळ. बेसावध कुणीच नव्हतं, हवामान खातं दोन दिवस आधीपासून सांगत होतं. पण कोविड चालू होता, स्टाफपैकी काही जण क्वारंटाईन, मिस्टर मुंबईत अडकलेले, घरी सासूबाई आणि दोन मुलं. मी सकाळी आठच्या ड्यूटीला गेले ती डबा, पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन. छत्री! आता हसू येतं.

वादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना मी काही वेगळं सांगायला नको. पेशंट आम्ही सकाळीच वॉर्डातून पॅसेजमध्ये आणून ठेवले होते. लेबर रूममधली बाई मात्र हलवण्यासारखी नव्हती, पिशवीचं तोंड आठ सेंटीमीटर उघडलेलं होतं, आणि नेमकी तिथल्याच खिडकीची काच गेली. आमच्या वॉर्डबॉय मामांनी लोखंडी कपाट ओढून खिडकीला लावलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. पाऊण तास. तोंड खिडकीकडे करून, मान जराही न वळवता, कारण पाठीमागे बाई. वाऱ्याचा झोत आला की कपाट बोटभर आत यायचं आणि मामा ते परत ढकलायचे. मुलगी झाली, मोबाईलच्या टॉर्चमध्ये. दोघी सुखरूप.

हे ऐकायला लोकांना आवडतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी आमचं काहीच अडलं नाही. अंगात काहीतरी संचारलेलं असतं, भूक लागत नाही की झोप येत नाही. अडलं ते नंतर.

दुपारची पाळी आली नाही, येणार कशी? पाच मिनिटाच्या रस्त्यावर आडवे झालेले विजेचे खांब आणि झाडं. रात्रपाळी आली नाही. मोबाईल बंद, त्यामुळे येतेय की नाही हेही कळेना. बुधवारी आठला लागलेली माझी ड्यूटी शुक्रवारी दुपारी संपली. त्या दिवशी वटपौर्णिमा होती, आणि नाक्यावरचा वड मुळासकट रस्त्यात. घरची कौलं गेली हे मला गुरुवारी दुपारी कळलं, तेही शेजारचा मुलगा एका पेशंटबरोबर चालत आला म्हणून. त्याला मी आधी पेशंटचा बीपी विचारला आणि मग घरचं. याची लाज अजून वाटते.

शुक्रवारी घरी जाऊन ताडपत्री बांधली, शनिवारी सकाळी परत ड्यूटी. शनिवारी दुपारी एका आजींना मी दिलेलं इंजेक्शन पुन्हा भरत होते. बरोबरच्या सिस्टरने हात धरला, "अगं दिलंस ना मघाशी." एवढंच. नोंद झाली नाही, कुणाला काही झालं नाही. पण माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

वीज आमच्याकडे तीन आठवड्यांनी आली. म्हणजे वादळ दोन तासांचं आणि त्याची ड्यूटी तीन आठवड्यांची. तयारी मात्र फक्त दोन तासांची असते. तुमच्याकडे काय पद्धत आहे? डॉक्टर, नर्सेस, ड्रायव्हर, परदेशातले, सगळ्यांनी लिहा.

---

पोफळीखाली

ताई, वाचून घशाशी आलं. मी मुरूडच्या बाजूचा, वाडीवाला. माझ्या सुपाऱ्यांचं काय झालं ते इथे सांगत बसत नाही, तो वेगळा धागा होईल. सांगायचं ते हे की त्या आठवड्यात आमच्या आळीतली एएनएम (गावपातळीवरची सरकारी नर्स) बाई रोज चालत उपकेंद्रात जायची. तिच्या घराच्या पंचनाम्याला माणसं आली तेव्हा दाराला कुलूप. ती ड्यूटीवर! पुढे दोनदा खेटे घातले तेव्हा नाव लागलं. जो घरी बसला त्याचा पंचनामा पहिल्या दिवशी, जो कामावर गेला तो रांगेत शेवटी.

---

नियमावली

भावना समजू शकतो. परंतु शासकीय कर्मचाऱ्याने आपत्तीत हजर राहणे हे उपकार नव्हेत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५, कलम ५६ वाचावे. नेमून दिलेले कर्तव्य करण्यास नकार देणे किंवा त्यातून अंग काढून घेणे यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड आहे. रजा रद्द करणे हा प्रशासनाचा अधिकार आहे. आम्ही सेवेत असताना घरदार पाहिले नाही.

---

रातपाळी

नियमावली काका, कलम मला पाठ आहे, बैठकीत दरवर्षी वाचून दाखवतात. त्याच कलमात वरिष्ठांची लेखी परवानगी किंवा इतर कायदेशीर कारण असेल तर सूट आहे, ती ओळ वाचायची राहते.

आणि मी न येण्याबद्दल लिहिलंच नाहीये. मी तर आत होते! प्रश्न मला सोडवायला कुणी येऊ शकत नव्हतं याचा आहे. सगळ्यांच्या रजा रद्द करून सगळ्यांना एकाच दिवशी आत बोलावलं की दोन दिवसांनी सगळेच एकदम थकलेले असतात. कलम ५६ ने माणूस हजर होतो, जागा राहत नाही.

"घरदार पाहिले नाही" म्हणता तेव्हा ते दुसऱ्या कुणीतरी पाहिलेलं असतं. तुमच्याकडे काकू असतील. माझ्याकडे सासूबाई होत्या, कौलं उडालेल्या घरात पलंगाखाली दोन नातवंडांना घेऊन.

---

बदलापूर_स्लो

रातपाळी, +१००.

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात २२ वर्षं काढली. २६ जुलै २००५ ला मी नवीन होते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७४. दक्षिण मुंबईत बसलेल्या साहेबांना दुपारपर्यंत पटतच नव्हतं की उपनगरं बुडालीत. आमचा स्टाफ राहतो कुठे? बदलापूर, टिटवाळा, विरार, नालासोपारा. रुग्णालयाच्या शेजारी फ्लॅट घेण्याएवढा पगार कुणालाच नाही. लोकल थांबली की सोडवणारी पाळी संपली. मी तिसऱ्या दिवशी घरी गेले. पहिल्या रात्री चादरी पुरल्या नाहीत म्हणून ऑपरेशन थिएटरचे हिरवे गाऊन पांघरून झोपलो होतो.

तौक्ते वादळाच्या वेळी मात्र एक गोष्ट चांगली पाहिली आणि तीही सांगायला हवी. १७ मे २०२१ ला वादळ मुंबईजवळून गेलं, पण त्याच्या दोन दिवस आधीच बीकेसी, दहिसर आणि मुलुंडच्या जंबो कोविड केंद्रांतले ५८० पेशंट दुसरीकडे हलवले होते. मांडवाची केंद्रं ती, वाऱ्यात टिकतील याची खात्री कोण देणार? वारा सुटायच्या आधी, ऑक्सिजनवरचे पेशंट सिलिंडरसकट. हेच काम वादळात करायला दुप्पट माणसं लागली असती. आधी हलवणं हीसुद्धा माणसं वाचवायचीच युक्ती आहे, पेशंटही आणि स्टाफही.

---

केव्हीए

मी डॉक्टर नाही, जनरेटरवाला. रुग्णालयांची देखभालीची कंत्राटं करतो. एक तांत्रिक गोष्ट, जी शेवटी माणसांवरच येते.

६२.५ केव्हीए क्षमतेचा जनरेटर सेट पाऊण लोडवर तासाला साधारण दहा-बारा लिटर डिझेल पितो. म्हणजे २०० लिटरचं बॅरल जेमतेम अठरा-वीस तास. "डिझेल आहे सर" म्हणजे किती तास आहे, हे बैठकीत विचारत चला. गावातल्या पंपाचाच वीजपुरवठा गेला असेल आणि त्याच्याकडे स्वतःचा जनरेटर नसेल तर टाकीत डिझेल असूनही मिळत नाही.

आता माणूस. बहुतेक छोट्या रुग्णालयांत सेट चालवता येणारा माणूस एकच असतो. तो आजूबाजूच्या गावात राहतो आणि वादळाच्या दिवशी स्वतःचे पत्रे धरून बसलेला असतो. एका ठिकाणी मी गेलो तर सेट ठणठणीत, डिझेल भरलेलं, आणि तीन दिवस अंधार. का? चेंजओव्हर (लाईनवरून जनरेटरवर नेणारा स्विच) कसा टाकायचा ते कुणालाच माहीत नाही. आतल्या दोन सिस्टर आणि शिपाई यांना अर्ध्या तासात शिकवलं. तेव्हापासून कुठेही गेलो की पाळीतल्या किमान दोघांच्या हातून सेट सुरू करून घेतो. सुरुवातीला घाबरतात, मग फोटो काढून घेतात.

थोडं अवांतर: २०१२ च्या ऑक्टोबरअखेर न्यूयॉर्कमध्ये सॅंडी वादळात बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर वर तेराव्या मजल्यावर होते आणि त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात. तळघरात पाणी भरलं. मग कर्मचारी आणि सैनिकांनी जिन्यात साखळी करून हातोहात डिझेल तेरा मजले वर चढवलं. शेवटी रुग्णालय रिकामं करावंच लागलं. एवढ्या श्रीमंत शहरातही शेवटी कॅनच.

---

ह्यूस्टनकरीण

ताई, मी मूळची चिपळूणची, इथे टेक्सासमध्ये आयसीयूत नर्स आहे. तुमचा प्रश्न इकडे रोजच्या बोलण्यातला आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे वादळाचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. तो सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला एका गटात नाव द्यावं लागतं. एकाला म्हणतात राईड-आऊट टीम: वादळ यायच्या आधी रुग्णालयात यायचं, दार लागलं की आत राहायचं. दुसरी रिकव्हरी टीम: वादळ येताना घरीच थांबायचं, घर सांभाळायचं, झोपायचं, आणि रस्ते उघडले की येऊन पहिल्यांना सोडवायचं. दुसऱ्या गटाने वादळात येण्याचा शूरपणा करायचा नाही, तुम्ही ताजे राहणं हेच तुमचं काम, असं आम्हाला बजावून सांगतात.

बॅगेची यादी असते. तीन-चार दिवसांचे कपडे, स्वतःची औषधं (हे लोक हमखास विसरतात, बीपीच्या गोळ्या विसरलेल्या नर्सला आमच्याच कॅज्युअल्टीत झोपवावं लागलं होतं), चष्मा, टॉर्च, पांघरूण, सॅनिटरी पॅड, न शिजवता खाता येईल असं काही. मी पोहे आणि मेतकूट नेते. चिपळूणच्या बाईने दुसरं काय न्यायचं!

पण सगळं गुळगुळीत चालतं असं समजू नका. २०१७ मध्ये हार्वे वादळ ऑगस्टच्या २५ तारखेला किनाऱ्यावर आलं आणि मग आमच्या डोक्यावर येऊन बसलं ते हलेचना. पाऊस दिवसचे दिवस. शहरातले महामार्गच नद्या झाले. सोडवणारी टीम यायला तयार होती, येण्याचा मार्ग नव्हता. आम्ही आत पाच दिवस होतो. आतल्या आत पाळ्या केल्या म्हणून टिकलो: बारा तास काम, बारा तास झोप, आणि झोपेच्या पाळीतल्याला उठवायचं नाही म्हणजे नाही. चार्ज नर्स दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची. "जरा दोन मिनिटं हात लाव गं" म्हणत येणाऱ्या डॉक्टरला तिने परत पाठवलेलं मी पाहिलंय.

तुमच्या इंजेक्शनचं वाचून अंगावर काटा आला. माझंही असंच एक आहे. लिहिणार नाही.

---

नियमावली

ह्यूस्टनकरीण, अमेरिकेतील मनुष्यबळ आणि आपल्या ग्रामीण रुग्णालयातील मनुष्यबळ यांची तुलना होऊ शकत नाही. आपल्याकडे मंजूर पदेच रिक्त. दोन टीम करायला एक तरी पूर्ण टीम हवी ना?

---

रातपाळी

काका, हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे सात सिस्टरची पदं, भरलेली चार. चौघींच्या दोन टीम म्हणजे दोन-दोन. पण तरी दोन-दोनच कराव्यात असं मला आता वाटतं. चौघी एकदम आत घेतल्या तर पहिल्या दिवशी गर्दी, तिसऱ्या दिवशी शुकशुकाट.

---

मुक्काम_भुवनेश्वर

बँकेच्या बदलीने ओडिशात सहा वर्षं आहे. इकडची एक पद्धत सांगतो, ती कदाचित कमी स्टाफवरचं उत्तर असेल.

१९९९ च्या महावादळात इथे सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर या लोकांनी वादळाला जणू घरातल्या सणासारखं कॅलेंडरवर घेतलंय. इशारा आला की आशा कार्यकर्ती गावातल्या दिवस भरत आलेल्या बायकांची यादी काढते आणि त्यांना दोन-तीन दिवस आधीच रुग्णालयात किंवा त्याच्या जवळच्या मुक्कामाच्या घरात आणून ठेवतात. २०२४ च्या ऑक्टोबरात दाना वादळ भितरकनिकाजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा अशा हजारो गर्भवती आधीच हलवलेल्या होत्या आणि त्यातल्या शेकडो जणींची बाळंतपणं तिथेच झाली. मध्यरात्री वाऱ्यात ॲम्ब्युलन्स पाठवायची वेळच कमी येते. एक फेरी वाचली की एक ड्रायव्हर, एक सिस्टर आणि चार तास वाचतात.

---

रातपाळी

हे वाचून गप्पच बसले. आमच्याकडे आशाताईंच्या वहीत सगळ्या तारखा असतात! त्या बुधवारची लेबर रूममधली बाई, तिची तारीख ८ जून होती. वही पाच किलोमीटरवर होती. मंगळवारी कुणी उघडली असती तर ती बाई खुर्चीत बसवून, दोन दीर आणि एक भाऊ यांच्या खांद्यावर, भर वाऱ्याच्या तोंडावर आली नसती.

---

मामांचा_मुलगा

इथे सगळे सिस्टर आणि डॉक्टरांबद्दल लिहितायत म्हणून मी लिहितो. माझे वडील एका रुग्णालयात (गाव वेगळं) कक्षसेवक, कंत्राटी. निसर्गच्या वेळी तीन दिवस आत होते. हजेरी अंगठ्याच्या मशीनवर. वीज नाही म्हणून मशीन बंद. महिन्याअखेर ठेकेदाराने एकच दिवस धरला, बाकी दोन दिवस गैरहजर. वडिलांनी विचारलं तर म्हणाला, मशीनमध्ये दिसत नाही. शेवटी मोठ्या सिस्टरने वॉर्डच्या रिपोर्ट बुकातल्या नोंदी दाखवल्या, "मामांनी रात्री दोनला सिलिंडर बदलला" वगैरे, तेव्हा पैसे मिळाले. ऑगस्टमध्ये.

वादळात कागदी मस्टर काढून ठेवा एवढंच माझं म्हणणं. आणि त्या मस्टरमध्ये मामा, मावशी, झाडूवाले, ड्रायव्हर, स्वयंपाकवाल्या बाई सगळ्यांची नावं. जेवण कोण करणार याचा विचार तर कुठल्याच यादीत नसतो. वडील सांगतात, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पेशंटच्या बिस्किटांवर काढलं.

---

१०८_नाही_खासगी

ॲम्ब्युलन्स चालवतो. जास्त लिहिता येत नाही. कोयता, करवत, दोर, हे गाडीत पाहिजे. निसर्गला आमच्या गाडीत सगळं होतं, ऑक्सिजन, स्ट्रेचर, फक्त कोयता नव्हता. आंब्याच्या एका फांदीने दीड तास अडवलं. आता सीटखाली असतो. पोलिसांनी एकदा धरलं त्यावरून, तो किस्सा नंतर.

---

बदलापूर_स्लो

तो किस्सा आधी सांगा :)

---

केव्हीए

मामांचा_मुलगा, मस्टरचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आणि १०८ दादा, विजेच्या तारा पडलेल्या फांदीला कोयता लावू नका, आधी लाईन बंद असल्याची खात्री करा. वीज गेली म्हणजे तार मेली असं नाही. कुणी उलटा जनरेटर जोडलेला असला की त्याच तारेत जीव येतो.

---

रातपाळी

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, नाईट चालू होत्या.

काल मी सरांकडे गेले. दोन टीमचं सांगितलं. सर म्हणाले, लेखी काही मिळणार नाही, पण तुमच्या तुम्ही ड्यूटी लिस्ट तशी लावा, मी सही करतो. हेही खूप झालं. मग एक कागद आखला आणि सगळ्यांत फिरवला. रकाने असे: नाव, वादळ आलं तर आत थांबणार की नंतर येणार, घर कौलारू, पत्र्याचं की स्लॅबचं, येण्याचा रस्ता कोणत्या ओढ्यावरून, स्वतःची रोजची औषधं, आणि शेवटी "घरी मागे कोण". ज्यांच्या घरी लहान मुलं आणि कौलं आहेत त्यांना नंतरच्या गटात टाकायचं असं ठरवलं. मी त्यात आले. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

डीजी सेट आम्ही तिघींनी सुरू करून बघितला. पहिल्यांदा बंद पडला, दुसऱ्यांदा लागला, मावशींनी टाळ्या वाजवल्या. कागदी मस्टर कपाटात ठेवलंय, त्याच त्या लोखंडी कपाटात. आशाताईंना दर सोमवारी तारखांची यादी फोटो काढून पाठवायला सांगितली आहे. जेवणाचं अजून कुणी अंगावर घेतलेलं नाही.

कागद आज परत आला. सतरा जणांनी भरला. मावशी अडून बसल्या होत्या, "घरी मागे कोण" मध्ये माणसंच लिहायची की म्हशी पण? दोन आहेत, एक गाभण. म्हटलं लिहा.